मॅडमच्या गाडीची पॅकिंग

माझ्या काउंटरच्या मागे, उदबत्तीच्या बाजूला, एक मोठा खिळा आहे. लोक खिळ्याला कॅलेंडर टांगतात, मी काढलेल्या जुन्या पॅकिंगा टांगतो. कागदाच्या, कॉर्कच्या, रबराच्या. कुठली फाटलेली, कुठली जळून काळी पडलेली. गिऱ्हाइकाला माप दाखवायला बरं पडतं म्हणून सुरू केलं होतं. पण झालं असं, की एकेक काढून दाखवताना तिचा किस्साही सांगावा लागतो, मग गिऱ्हाईक माप विसरतं आणि स्टूल ओढून बसतं. बायको म्हणते, "तुमी पार्ट विकता का गोष्टी?" मी म्हणतो, पार्ट विकतो, गोष्टी फुकट. खिळा आता वाकायला आला आहे.

पॅकिंग म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. लोखंडाचे दोन भाग बोल्टनं कितीही आवळले तरी मधून तेल गळतंच. म्हणून दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टी घालतात, तीच पॅकिंग. बस, इतकीशी वस्तू. पण हिच्यापायी मी भल्याभल्यांना भांडताना पाहिलं आहे, आणि एकाला तर मारुतीला नारळ बोलताना.

दुकान माझं बाभुळगावात, रोडला लागून. भिंतीला भिंत लावून देवरावकाकांचं गॅरेज. काका साठीचे, तीस वर्षं ट्रॅक्टर उघडले. त्यांच्याबरोबर रफिक, अंगानं काडी, डोक्यानं थंड, मोबाइलवर इंजिनाचे व्हिडिओ पाहत जेवतो. समोर निर्मलाताईंची चहाची टपरी. आम्ही चौघं म्हणजे जवळपास एकच दुकान समजा.

* * *

काकांचा हात जड. नुसता जड नाही, भल्ला जड. बोल्ट आवळताना पान्यातून "किर्र" असा आवाज आल्याशिवाय त्यांना काम झाल्यासारखं वाटत नाही. ट्रॅक्टरला ते चालून गेलं, कारण ट्रॅक्टर जाड ओतीव लोखंडाचा. घरी मात्र लोणच्याच्या बरणीला हात लावायची त्यांना बंदी आहे.

बंदी का आली, ते सांगतो. एका वर्षी वर्षभराच्या लोणच्याची बरणी काकांनी हौसेनं बंद करून ठेवली. काकूंनी उघडून पाहिली, शेजारणींनी पाहिली, जावयानं पाहिली. शेवटी काकू बरणी कडेवर घेऊन गॅरेजात आल्या, रफिकनं ती गोणपाटात गुंडाळून शिकंज्यात धरली आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. काकू काकांकडे पाहून राहिल्या होत्या. काका शांतपणे म्हणाले, "पन तेल गळलं का एक थेंब?"

* * *

गॅरेजचा एक नियम आहे. पॅकिंगचं काम झालं की गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन सगळ्यांनी खाली वाकून पुठ्ठा पाहायचा. कोरडा असला तर गाडी द्यायची. थेंब दिसला तर ज्यानं पॅकिंग बसवली त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहायचं आणि पुठ्ठा महिनाभर भिंतीवर टांगायचा. नियम काकांनीच केला, आणि भिंतीवर सगळ्यात जास्त नाव काकांचंच आहे. रफिकचं एकदाही नाही. यावर गॅरेजात कोणी बोलत नाही.

* * *

कागदाच्या पॅकिंगला लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही, कारण बोरी अरब गावचा तो नवरदेव मला माहीत आहे.

वरातीचं सामान घेऊन नवरदेवाचाच ट्रॅक्टर निघाला होता, आणि आमच्या गावात आल्यावर त्याच्या गिअरच्या बाजूच्या झाकणातून तेलाची धार लागली. मुहूर्त दोन तासांवर. माझ्याकडचा पॅकिंगचा कागद नेमका संपलेला, माल सोमवारी येणार. काका वऱ्हाड्यांना म्हणाले, लग्नाची पत्रिका आहे का कोणाजवळ? चांगल्या जाड कागदाची निघाली. काकांनी पत्रिका झाकणावर ठेवली, हातोडीच्या गोल तोंडानं काठाकाठानं हलके टकटक ठोकत नेलं, कागद आपोआप कापला गेला. वरून ग्रीस चोळलं आणि झाकण बसवलं. वरात वेळेवर पोचली.

आता मी त्याला दरवेळी सांगतो, बाबा, नवी पॅकिंग टाक, पत्रिका काय जन्मभर टिकणार आहे का. तो ऐकत नाही. म्हणतो, "भाऊ, दोन लेकरं झाले, बायको एकदाबी रुसून माहेरी नाई गेली. तुमी त्याले हात नका लावू."

* * *

आता मॅडम. खिळ्यावरच्या तीन पॅकिंगा एकट्या त्यांच्या गाडीच्या आहेत, म्हणून सांगायला वेळ लागेल.

वंदना मॅडम आमच्याच गावात राहतात, आतल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवतात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून शाळा साडेतीन किलोमीटर. मॅडमचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, चार पावलं चालायचं तर काठी लागते. आधी भाऊ मोटरसायकलवर सोडायचा. त्याचं सोयाबीन सोंगणीला आलं, की मॅडमची रजा. मग त्यांनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नसतो, डाव्या पायाचं कामच नाही. दोन वर्षं मॅडम एकट्या जात-येत होत्या.

ती गाडी एका सकाळी गॅरेजसमोर उभी राहिली आणि निर्मलाताई ओरडल्या, "अवं बाई, गाडीले लागलं का कुठी?" कारण खाली लाल थेंब पडले होते. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मॅडमनी सगळं सांगितलं. शहरातल्या एका मेकॅनिकनं पाहून सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन-तीन महिने गाडी सोडा. इकडे तालुक्याच्या ऑफिसात टेबलाची एक जागा निघाली होती. घरचे म्हणत होते, ती घे, बदलीचा फॉर्म भर. फॉर्म पर्समध्येच होता, महिनाअखेर शेवटची तारीख. गाडी राहिली तर शाळा राहणार, नाहीतर टेबल.

"महिन्याच्या आत गळणं थांबेल का काका?" त्यांनी विचारलं.

काका गाडीखाली वाकले. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचं एक उथळ पॅन असतं, परातीसारखं, तेरा बोल्टवर लटकलेलं. तेल त्याच्या काठानं येत होतं. काका उठले आणि ठासून म्हणाले, "पॅकिंग गेली हाये मॅडम, बाकी काही नाई. थांबते."

मॅडम हायसं वाटून चहा प्यायला गेल्या. त्या पुरेशा लांब गेल्यावर काका रफिकला हळूच म्हणाले, "आता सांग बे, याले उघडाचं कोठून?"

* * *

उघडलं. आतली जुनी रबराची पॅकिंग पापडासारखी कडक झालेली, हातात घेताच तुकडे. माझ्याकडे त्या मापाची तयार पॅकिंग नव्हती. पण पत्रिकेचा किस्सा डोक्यात असल्यामुळं मला चेव आला. म्हटलं, मी कापतो.

चांगला पॅकिंगचा कागद काढला, पॅन उलटं ठेवलं, हातोडीनं टकटक करत पूर्ण दुपार घातली. तेरा भोकं अशी गोल पाडली की निर्मलाताई म्हणाल्या, याची रांगोळी होईल. माझ्या आयुष्यातली सर्वात सुंदर पॅकिंग होती ती, खोटं नाही सांगत.

सकाळी पुठ्ठ्यावर पाच लाल थेंब.

रफिकनं पॅन खाली काढलं, मॅडमच्या पर्समधली फूटपट्टी मागून घेतली आणि पॅनच्या काठावर आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसत होता. आधी कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की प्रत्येक भोकाजवळ पत्रा आत ओढला गेला होता. कागद पडला पातळ आणि ताठ, तो असला खळगा भरू शकत नाही. त्याला सपाट जागा लागते. काका म्हणाले, "कोन्या गाढवानं इतकं आवळलं असन?" रफिक खाली मान घालून हसला.

पुठ्ठ्यावर नाव लिहायची वेळ आली. बसवली काकांनी होती, पण कापली मी होती, म्हणून नाव माझं. गॅरेजच्या भिंतीवर दुकानदाराचं नाव पहिल्यांदा लागलं. बायकोनं फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

* * *

मग कॉर्क. कॉर्क जाड आणि दबणारा, उंचसखल जागा भरतो. म्हणून ठरवलं, आता कॉर्क. वर्ध्याच्या एका दुकानदाराकडून बरोब्बर मापाची मागवली. ती त्याच्याकडं दोन उन्हाळे लोंबत पडली असणार, कारण आली ती सुकून आकसलेली. तेरापैकी सहा भोकं जुळेनात. मी फोन करून त्याला चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात रफिक म्हणाला, पाण्यात घाला, उद्या पाहू.

गॅरेजातल्या बादल्या सगळ्या तेलकट, म्हणून त्यानं ती निर्मलाताईंच्या एका पिंपात सोडली, आणि सांगायचं विसरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गावानं त्या पाण्याचा चहा प्यायला. काकांनी तर दोन कप घेतले, म्हणाले आज चहाला जान आहे. ताईंनी पिंपाच्या तळाशी ओगराळं घातलं आणि पॅकिंग वर आली. त्यानंतर ताई रफिकशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. पॅकिंग मात्र फुगून बरोबर मापात आली होती.

रफिकनं बसवली. पाना दोन बोटांत धरून, मधल्या बोल्टपासून सुरू करत, एकदा इकडचा, एकदा समोरचा. सांगून गेला, आता याला कोणी शिवायचं नाही. जाता येता काकांनी खाली वाकून पाहून घेतलं. मीही पाहून घेतलं. ताई अबोला धरूनच, गाडीखाली उभं राहून काम करायचा जो खड्डा आहे, त्यात चहा ठेवून आल्या. सकाळी पुठ्ठा कोरडा! मॅडमनी पेढे वाटले आणि गाडी घेऊन गेल्या.

तीन दिवसांनी परत आल्या. कॉर्क बोल्टांच्या मधून बाहेर आला होता, भाकरी दाबल्यावर झुणका येतो तसा, आणि दोन जागी चिरला होता. रफिकला काही समजेना. शपथेवर सांगत होता, मी इतका आवळलाच नाही. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, होते कधी कधी, आणि पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहिलं. भिंतीवरचं त्याचं पहिलं नाव. दिवसभर तो जेवला नाही. मी त्याची नजर चुकवत दुकानात जाऊन बसलो, पण का, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

* * *

महिन्याचे बारा दिवस उरले. काका आता इरेला पेटले. म्हणाले, रबराची टाकू, आणि वर ट्यूबमधलं सिलिकॉनपण लावू, दोन्ही बाजूंनी. दोन-दोन बंदोबस्त.

रफिक पार्ट आणायला यवतमाळला गेला होता, नाहीतर त्यानं हात धरला असता. रबराची पॅकिंग कोरडी बसवायची असते. काकांनी तिला इतकं सिलिकॉन चोपडलं की ती साबणाच्या वडीसारखी झाली. पहिला बोल्ट आवळला तर समोरची बाजू बाहेर आली. ती आत ढकलली तर इकडची सटकली. मी आणि काका खड्ड्यात उभे, चार हातांनी ती पॅकिंग धरून, आणि ती प्रत्येक वेळी नव्या जागेहून बाहेर. काकांच्या मिशीला सिलिकॉन लागलं, मिशी एका बाजूला वर चिकटून बसली. तेवढ्यात मॅडम आल्या. आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "तेल माझ्या गाडीचं गळतंय, आणि तोंडं तुमची उतरलीत."

रफिक परतला, त्यानं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. राळेगावच्या एका जीपचा किस्सा त्याला आठवला. तिच्या पॅनला असंच सिलिकॉन थापलं होतं. आतल्या बाजूनं त्याचे धागे सुटले, तेलाबरोबर फिरले आणि गाळणीत शेवयांसारखे जाऊन बसले. जीप चढावर मध्येच उभी राहिली. ही तर ऑटोमॅटिक, हिच्या आतल्या वाटा सुईसारख्या बारीक. काका खाली बसले आणि सगळं सिलिकॉन खरवडून काढू लागले. लोखंडी पट्टीनं ओरखडे पडतील म्हणून रफिकनं त्यांना त्याचं जुनं एटीएम कार्ड दिलं. चार तास लागले. काकांनी स्वतःच पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात.

* * *

त्या दिवशी मॅडम बराच वेळ ताईंच्या बाकड्यावर बसून होत्या. फॉर्म पर्समधून काढून मांडीवर ठेवलेला. नाव लिहून झालं होतं, सही बाकी होती. ताई म्हणाल्या, टेबलाची नोकरी काय वाईट आहे मॅडम, पंख्याखाली बसायचं.

मॅडम म्हणाल्या, वाईट काहीच नाही. मग म्हणाल्या, "ताई, लहानपणापासून मला सगळीकडे कोणीतरी नेलं. शाळेत आईनं कडेवर नेलं, कॉलेजात भावानं गाडीवर. त्या खेड्यात मी एकटीच माझी माझी पोचते. मुलं फाटकाशी उभी असतात, हॉर्न ऐकला की पळत येतात. ते मला सोडवत नाही."

मी दुकानातून ऐकत होतो. ऐकल्यावर मी नागपूरच्या सात दुकानांत फोन केले. सांगायला लाज नाही, डोळ्यात पाणी होतं माझ्या.

* * *

सातव्या दुकानात मिळाली. पॅकिंग असावी तर अशी! आत पोलादाचा पत्रा, वरून रबर, आणि प्रत्येक भोकात लोखंडाचं बारीकसं कडं. कडं कशासाठी, तर बोल्ट त्याच्यावर येऊन टेकला की रबर आणखी चेंगरत नाही. एसटीच्या पार्सलनं आली. मी ती तीन वेळा उघडून पाहिली.

या वेळी सगळं रफिकच्या हातात दिलं. त्यानं पॅनचा काठ लाकडी ठोकळ्यावर ठेवून, हातोडीनं हलके हलके ठोकून सरळ केला. सरळ झाला का पाहायला ताईंनी टपरीतल्या बरण्यांच्या कपाटाची काच काढून दिली. याचा अर्थ अबोला सुटला. काचेवर पॅन पालथं घातलं, कुठूनच उजेड दिसेना. दोन्ही काठ पुसून कोरडे ठणठणीत केले. सिलिकॉनची ट्यूब काकांनी स्वतः उचलून माझ्या दुकानात ठेवली, म्हणाले कुलुपात ठेव.

रफिकनं मित्राकडून टॉर्कवाला पाना आणला होता. त्यावर आधीच जोर ठरवून ठेवायचा, तेवढा जोर झाला की पाना "कट्" करतो आणि आपण थांबायचं. पहिला बोल्ट झाला. कट्. काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले.

"एवढ्यातच? हे तं मी बोटानं केलं असतं."

"काका, एवढंच लागते."

"किर्र नाई झालं."

"नाईच व्हायले पायजे," रफिक म्हणाला.

तेरा वेळा कट् झालं. काकांचा जीव तेरा वेळा वरखाली झाला. मग रफिकनं एक नवीनच प्रकार केला. पांढऱ्या पेंटची बाटली घेऊन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एक ठिपका दिला आणि अगदी त्याच्यासमोर पॅनवर दुसरा. आम्ही विचारलं, हे कशाला? म्हणाला, असंच, व्हिडिओत पाहिलं होतं.

सकाळी चहा घेऊन आम्ही जमलो. पुठ्ठा कोरडा. काकांनी मिशीला ताव दिला. रफिक मात्र पुठ्ठ्याकडे न पाहता बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरला होता. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला.

"बोल्टचे ठिपके सरकले हायेत. तेराच्या तेरा. कोनी हात लावला?"

खड्ड्यातून त्याचं फक्त डोकं वर दिसत होतं, आणि तो एकेकाकडे पाहत होता. काका आभाळाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "मी थोडासाच देल्ला. पाव फेराबी नसन. मॅडमचं काम होतं, मले झोप येईना."

रफिकनं माझ्याकडे पाहिलं. आता मी काय सांगू तुम्हाला. मी दुकानदार माणूस, बोल्ट आवळणं हे माझं काम नव्हे. पण शटर ओढताना वाटलं, एकदा पाहून घ्यावं, आणि पाहताना वाटलं, एकेक थोडा द्यावा, आपली पोरीसारखी मॅडम आहे. "मीबी," मी म्हटलं.

आणि मागून ताईंचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "पाना तिथंच पडून होता बाप्पा," त्या म्हणाल्या. "माह्या भावाची पोरगी मॅडमच्याच शाळेत हाये. मी आपले दोनच आवळले."

रफिकनं एकच प्रश्न विचारला. "आन् कॉर्कच्या टायमाले?"

काका उठले, भिंतीकडे गेले, रफिकचं नाव असलेला पुठ्ठा काढला, त्यावरचं नाव खोडलं आणि खाली आमची तिघांची नावं लिहिली. मग रफिकच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं बाप्पू."

* * *

कड्यामुळं रबर वाचलं होतं, पॅकिंगला काही झालं नव्हतं. रफिकनं सगळे बोल्ट ढिले करून पुन्हा तेरा वेळा कट् केलं, पुन्हा ठिपके दिले. तारखेला दोन दिवस राहिले होते.

मॅडम गाडी न्यायला आल्या तेव्हा काकांनी त्यांच्यासमोर एक पुडकं धरलं. त्या पॅनच्या बोल्टला दहा नंबरचा पाना लागतो. गॅरेजातले दहा नंबरचे जितके पाने होते तितके, रिंग, फिक्स, सॉकेट, सगळे मिळून सात, काकांनी फडक्यात बांधले होते. माझ्या दुकानात विकायला होते तेसुद्धा त्यांनी बळजबरीनं कपाटात टाकून किल्ली रफिककडे दिली होती.

"हे तुमच्याजवळ ठेवा मॅडम," काका म्हणाले. "इथी ठेवाचा भरोसा नाई. तुमची गाडी दिसली का आमचा हात शिवशिवते."

मॅडमना आधी काही कळेना. रफिकनं सगळं सांगितलं तेव्हा त्या काठीवर रेलून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पुडकं घेतलं, शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गेल्या.

महिनाभर आम्ही दहा नंबरचं एकही काम केलं नाही. लोक आले की काका सांगत, पाने शाळेत गेले आहेत. तारीख येऊन गेली. मॅडमचा फोन नाही, काही नाही. फोन करायची हिंमत कोणाला होईना. ताई रोज रस्त्याकडे पाहत, पण मॅडमची पांढरी गाडी सकाळी सातला जाते तेव्हा टपरी उघडलेली नसते, आणि परतताना ती मागच्या रस्त्यानं घरी जाते.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी येऊन उभी राहिली. आम्ही चौघांनीही आधी गाडीच्या खालची जमीन पाहिली. मॅडमनी डिक्की उघडायला सांगितली. त्यात गाडीबरोबर दिलेला आमचाच पुठ्ठा होता, मॅडमनी रोज अंगणात गाडीखाली घातलेला. कडेनं कोंबडीच्या पायाचे ठसे होते, मधोमध काही नाही. काकांनी त्यावर हात फिरवून पाहिला, बोटं नाकाशी नेली, मग पुठ्ठा भिंतीवर मधोमध टांगला, नावाशिवाय.

मॅडमनी पर्समधून पुडकं काढून काउंटरवर ठेवलं. फडकं धुवायला गेलं, म्हणाल्या, म्हणून पाने कागदात बांधलेत. काकांनी गाठ सोडली. चुरगळलेला कागद हातानं सरळ केला. बदलीचा फॉर्म होता. वर मॅडमचं नाव, आणि खाली सहीची जागा कोरी.

ताईंनी डोळ्याला पदर लावला. काका पाने मोजू लागले. एकदा मोजले. पुन्हा मोजले. मग रफिककडे पाहिलं.

सात दिले होते. आठ होते. आठवा नवाकोरा, दांड्यावर यवतमाळच्या कुठल्याशा दुकानाचं स्टिकर तसंच.

मॅडम काठी सावरत दुसरीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या पान्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून नवा घेतला. माझापण हात शिवशिवतो, तोपण तुमच्याकडेच ठेवा काका."

रफिकनं बॅटरी घेतली आणि तो खड्ड्यात उतरला.